लक्षात राहणारा नंबर

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. ३, शुक्रवार, सकाळ

ती. आक्कास शालूचा नमस्कार.

तुझे गुडघे आणि दाजींची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. नसतील तर त्याला मी आजार म्हणत नाही, बेशिस्त म्हणते. गडहिंग्लजच्या नव्या घरात सामान लागलं असेलच. वास्तुशांतीला आले नाही म्हणून अढी धरू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं आणि डॉक्टर मुहूर्त पाळत नाहीत. फोन असताना पत्र का लिहिते, याचं कारण शेवटी येईल. (शेवट आधी वाचू नये. तुझी ही लहानपणापासूनची खोड मला माहीत आहे.)

विषय असा की, पंधरा तारखेला माझी नवी कार्डं छपाईला जायची आहेत. त्यावर आत्ताचाच नंबर ठेवायचा की टाकायचा, हे त्याआधी ठरवायला हवं. एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला ते ठरवता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

निवृत्तीनंतर अर्ज, भाषणं आणि मानपत्रं लिहून द्यायची असं मी ठरवलं, ते तुला ठाऊक आहे. (या शहरात रोज कुणाचा तरी सत्कार असतो आणि एकाही मानपत्रात धड वाक्य नसतं.) कार्ड करायला तोहिदकडे गेले. तो माझा जुना विद्यार्थी, आता स्वतःचा छापखाना चालवतो. त्यानं पहिल्या नमुन्यात सोनेरी महिरप, मोरपीस, माझा फोटो आणि चार रंग घातले होते. मी सगळं खोडलं. कार्ड खिशात राहतं, घामानं भिजतं आणि चष्मा घरी विसरलेला माणूस ते वाचतो. म्हणून अक्षर मोठं हवं, कागद चकचकीत नको (मागं पेनानं लिहिता आलं पाहिजे) आणि मजकुरात नाव, काम, नंबर एवढंच. तोहिद कळवळला. "बाई, एवढी मोकळी जागा सोडली की गिऱ्हाईकाला वाटतंय, ह्येंच्याकडं सांगण्यासारखं कायच न्हाय." मग एका बाबतीत मी त्याचं ऐकलं, तेच चुकलं. तो म्हणाला, कार्ड हरवतं पण नंबर डोक्यात राहिला पाहिजे. त्यानं एकच आकडा पाच वेळा ओळीनं येणारा नंबर मिळवून दिला. कार्डावर छापलं: शालूबाई, एम.ए., बी.एड. लिहून मिळेल. आणि खाली तो नंबर.

दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला. "बादशहाभाई हाईत का?" नाहीत म्हटलं. "मग कवा येत्यात?" आठवड्यात असे एकवीस फोन. मानपत्रासाठी एकही नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, बादशहाभाई म्हणजे तुमच्या भागातले नामांकित पाणाडे. तळहातावर नारळ ठेवून रानातनं चालायचे, नारळ उभा राहिला की तिथं बोअर मारायची. हे गृहस्थ वारले, नंबर काही महिने बंद राहिला आणि कंपनीनं तो मला दिला. नंबर लक्षात राहणारा खराच. अर्ध्या जिल्ह्याच्या लक्षात होता.

मग बिद्रीकडचे हंबीरराव दारात उभे. साठ म्हशींचा गोठा, पाणी संपलेलं. कुणाच्या तरी सत्कारात त्यांना माझं कार्ड मिळालं होतं. ते म्हणाले, "नंबर बादशहाभाईंचा, म्हंजे त्येंची गादी तुमीच चालवताय. आनि तुमच्यात लिहून मिळतंय. त्येंच्यात नुसतं तोंडी हुतं." मी तासभर समजावलं. ऐकेनात. शेवटी हे थोतांड आहे हे डोळ्यांदेखत दाखवायलाच मी त्यांच्या गाडीतून गेले.

भर दुपारची वेळ होती, ऊन लख्ख. नारळ आडवा, शेंडी बोटांकडे. वीस पावलं काही नाही. मी वळून "बघितलंत?" म्हणणार, तोच तळहाताला खालून गार लागलं, आणि नारळ हळूहळू, गृहपाठ न केलेला मुलगा बाकावरून उठतो तसा, उभा राहिला. वारा नव्हता. माझा हात हलत नव्हता, हे मी नीट पाहिलं. गोठ्यातल्या सगळ्या म्हशी माना वळवून माझ्याकडे बघत होत्या. मी नारळाला "खाली बस" म्हटलं. बसला नाही. एकतीस वर्षांत हे प्रथमच घडलं.

तिथं पाणी लागलं. त्यानंतर फोन किती येतात ते विचारू नकोस.

गेल्या आठवड्यात बादशहाभाईंच्या पत्नी मेहरुन्निसा भेटायला आल्या. मला वाटलं, नंबर परत मागतील. त्या चहा पिऊन शांतपणे म्हणाल्या, "बाई, नंबर तेवढा बंद करू नगासा. मधी बंद हुता तवा आमच्याकडं एका बी बोअरला पाणी लागलं न्हाय. आता रोज एक लागतंय." मी म्हटलं, मी तर फोन उचलून नाही म्हणते. त्या म्हणाल्या, "न्हाय कुठं म्हणता? लोक सांगत्यात, बाई जागा बरोबर सांगत्यात."

मी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही, आक्का. एवढं मला नक्की आठवतं.

तब्येतीला जप. दाजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
शालू

ता. क. १ : सोबत कार्ड जोडलं आहे. शुद्धलेखन तपासायची गरज नाही.

ता. क. २ : वर थोतांड म्हटलं आहे, तो शब्द मागं घेत नाही.

ता. क. ३ : मंगळवारी सकाळी त्या नंबरवर तुझा फोन आला. नंबर आता माझा आहे हे तुला ठाऊक नव्हतं, आणि बोलण्याआधी दोनदा खोकल्याशिवाय तुला जमत नाही. तू म्हणालीस, "बादशहाभाई, नव्या परसात बोअर मारायचीय, जागा तेवढी सांगा. आनि कुठं बोलू नका. कोल्हापुरात माझी बहीण हाय, ती मला जगू द्यायची न्हाय." झापायला म्हणून मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं : मागच्या दारातनं चिंचेकडं चाला, चिंचेच्या अलीकडं सात पावलं. आवाज माझाच होता. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास.

तुझं परसू मी पाहिलेलं नाही. तिथं चिंच आहे का? नसेल तर पंधरा तारखेच्या आत एका ओळीत तसं लिही, म्हणजे तोहिदला नवा नंबर घालायला सांगते. असेल तर उत्तर पाठवू नकोस, मी समजेन. फोन मात्र मुळीच करू नकोस. उचलणारी मीच असेन. बोलणारी मीच असेन याची हमी देत नाही.