धामणगावचा ध

बाबा, आज दुकानात पुन्हा एक गिऱ्हाईक तुमचं अक्षर मागायला आलं. तुमचं म्हणून नाही मागितलं. तसला तयार फॉन्ट आता कॉम्प्युटरवर मिळतो, जाडजूड, गुबगुबीत, कुठे कोपरा म्हणून नाही. "ताई, तेच गोल अक्षर टाका, दुरून दिसते," म्हणाला. त्याची बर्फगोळ्याची गाडी होती, म्हणून टाकलं. बर्फगोळ्याला, लहान पोरांच्या कपड्यांच्या दुकानाला ते शोभतं, एवढं मी मान्य करते. पण तुम्ही मलकापुरात ते सगळ्यांच्या माथी मारलं. बियाण्याच्या दुकानाला तेच, दाताच्या डॉक्टरला तेच. 'अंत्यविधीचे सामान मिळेल' हेसुद्धा त्याच अक्षरात रंगवलंत, आणि ती पाटी वर्षानुवर्षं येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत राहिली. मला त्या अक्षराचा राग येतो. खरं तर तुमचा येतो.

धामणगाव बढे गावातल्या किराणा दुकानाची पाटी आठवते? मी नववीत होते. ओट्यावर पत्रा आडवा टाकलेला, तुम्ही खडूनं अक्षरं आखताय, आत लाल रंग मी भरतेय. तुम्ही अक्षर इतकं फुगवलंत की धच्या डोक्यावरची फटच मिटली. "बाबा, धची फट दिसून नाही राह्यली," मी म्हणाले. "तुले काय समजते? भर म्हणलं ना, भर." मी भरलं. दोन दिवसांनी दुकानदार पाटी घेऊन परत आला, सोबत हसायला चार माणसं. "काऊन हो पेंटर, आमच्या गावाले घाम फोडला का? घामणगाव करून टाकलं!" तुम्ही आधी पाटीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "पोरीनं भरलं ते, भाऊ. उद्यापासून ब्रशले हात नाही लावू देत तिले."

आणि खरंच लावू दिला नाहीत. चारचौघांत तोंडातून निघून गेलं असतं, तर मी विसरलेही असते. तुम्ही ते पाळलंत, याची मला जास्त चीड आहे. शाळेतून आले की मी तुमचे ब्रश रॉकेलमध्ये धुऊन ठेवायची, आता तरी द्याल म्हणून वाट बघायची. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "जाय, भाकरी टाक." मला आयुष्यात अक्षर काढायचं होतं, दुसरं काही नको होतं. आज माऊस हलवून फ्लेक्स छापते, त्याला अक्षर काढणं म्हणत नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. आई म्हणाली, "त्यांचंच अक्षर टाक वं माय." मी मुद्दाम शोधून सगळ्यात बारीक, काटकुळं अक्षर लावलं. घरात फोटो एकच सापडला, तुमच्या तरुणपणचा. तो कोणी ओळखेना, आणि काटकुळ्या अक्षरातलं नाव खालून वाचता येईना. चौकात लोक फ्लेक्सखाली थांबून एकमेकांना विचारत होते, "कोण गेलं हो?" दुपारपर्यंत दुसरा छापून लावता आला असता. मी लावला नाही.

आईला मी सांगितलं, तुमचं अक्षर मशीनमध्ये नव्हतं. होतं.