बाप जिवंत असताना केलेली तेरवी

मार्च १९९९, शुक्रवार, संध्याकाळ



फौजेतून सुटीवर आलो ते बारावीच्या परीक्षेसाठी. बारावी झाली की फौजेतल्या शिपायाले अफसरीच्या परीक्षेले बसता येते. आज पेपर देऊन परतताना भामरागडच्या जंगलात बंदूकवाल्यांनी एसटी थांबवली. एक जण माह्यापाशी येऊन नुसता माह्या फौजी बारीक केसांकडे पाहत राह्यला.

"पोलीस हायेस का?"

"नाई. बारावीचा पेपर देऊन आलो."

"या वयात? अन् केस असे काऊन?"

बाजूले आमच्या गावची मासे विकणारी यशोदाबाई बसली होती. ती एकदम बोलली, "याच्या बापाची आत्ताच तेरवी झाली, भाऊ. डोकं भादरलं होतं."

त्यानं माह्या केसांवरून हात फिरवला अन् उतरून गेला. तो हात अजून डोक्यावरच हाये असं वाटते.

घरी बाबा अंगणात जाळं विणत होते. "पेपर कसा गेला?" त्याईनं विचारलं. मले रडूच आलं.

सोमवारी पुढचा पेपर हाये, रस्ता तोच. जाऊ का? नाई गेलो तर जलमभर शिपाईच.

आत्ता यशोदाबाई येऊन गेली. हळूच म्हणाली, "सोमवारी काय सांगशील, पोरा? बाप एकदाच मरते."