लाइपझिगच्या व्हिलनला सावरटोल्याचं बक्षीस

गॉटिंगन, जर्मनी
दि. ६ ऑक्टोबर

तीर्थरूप धनराजमामा यांस,

धाकट्या भाचीचा दोन्ही हात जोडून जयभीम.

मी इकडे ठीक आहे, तुम्हीही तिकडे ठीक असाल, असं लिहायची पद्धत आहे. पण तुम्ही ठीक नाही हे मला कळलेलं आहे, म्हणून सरळच विचारते, घसा कसा आहे? गडचिरोलीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेता, की खिशात घेऊन नुसत्या फिरवता? धान निसवलं का? मामीच्या गुडघ्यांना आराम पडला का? आणि तो वाघ अजून तलावाच्या पाळीवर येऊन बसतो, की वनखात्याने त्याला कुठे दुसरीकडे बसायची सोय करून दिली?

पत्राचं कारण गंभीर आहे. (फोनवर बोलले असते, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मामी बाजूलाच उभ्या असतात.) गेल्या मंगळवारी मामींचा मला वेगळा फोन आला होता. डॉक्टरांनी तुमच्या स्वरयंत्रावर गाठी सांगितल्या आहेत, भिण्यासारखं काही नाही, पण ओरडणं बंद, असं त्या म्हणाल्या. आणि इकडे तुम्ही मंडईच्या जत्रेतल्या नाटकात सलग एकतिसाव्या वर्षी व्हिलनची, मालगुजार भुजंगरावाची, भूमिका करायला निघालात, जो पहिल्या प्रवेशात ओरडत येतो आणि शेवटच्या प्रवेशात ओरडत मरतो. तुम्ही नाही म्हणालात तर निकेश आणि नाट्यमंडळाची पोरं या वर्षी वडशाहून नाटक कंपनी आणणार, आणि एकदा कंपनी आली की गावाचं नाटक संपलं, हेही मामींनीच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ते तुयंच आयकते बाई. आता बस करा म्हणून तूच लिही त्याईले." मी हो म्हणाले. तेव्हा तुम्हाला थांबा म्हणून सांगायलाच मी हे पत्र लिहायला बसले आहे, हे आधी नीट ध्यानात घ्या. फक्त त्याआधी शनिवार-रविवारची हकिकत सांगणं भाग आहे.

झालं असं की माझी वर्गमैत्रीण लेना मला तिच्या गावी, लाइपझिगला, दोन दिवसांसाठी घेऊन गेली. (मी इथे वनशास्त्र शिकते. आई गावात "पोरगी जंगल शिकाले जर्मनीले गेली" असं सांगते तेव्हा लोक एकदा आईकडे आणि एकदा घरामागच्या जंगलाकडे पाहतात, हे मला ठाऊक आहे.) लाइपझिगचं स्टेशन एवढं मोठं आहे की त्यात आपलं वडशाचं स्टेशन कुठे ठेवलं ते दुसऱ्या दिवशी सापडणार नाही. शनिवारी सकाळी लेनाने मला एका तळ्यावर नेलं. पाणी निळंशार, लोक पोहतायत, पोरं वाळूत खेळतायत. ती म्हणाली, ही पूर्वी कोळशाची खाण होती. मी काठावर बोट फिरवून पाहिलं, काळं झालं नाही. चंद्रपूरला मावशीकडे सकाळी पुसलेला ओटा दुपारी पुन्हा काळा होतो, त्यामुळे माझा विश्वास बसायला अर्धा तास लागला. मग मला उगाच राग आला. कोणाचा ते अजून ठरलं नाही.

दुपारी प्राणिसंग्रहालय. तिथे वाघ पाहायला माणसं तिकीट काढून रांगेत उभी होती. वाघ झोपला होता. लेना माझ्या कानात हळूच म्हणाली, इतक्या जवळून वाघ कधी पाहिला होतास का? मी तिला म्हटलं, मार्चमध्ये आमच्या आईने गावच्या वाघामुळेच पहाटे मोहफुलं वेचायला जाणं सोडलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिने माझा हात सोडला नाही, जणू काही मीच पिंजऱ्यातून बाहेर आले होते.

आता रविवार. रविवारी इथे सगळी दुकानं बंद असतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा मालकाला विचारून भुंकतं. लेना म्हणाली, दुपारी तीनला नाट्यगृहात एक नवं संगीत नाटक आहे, उरलेली तिकिटं विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळतात. नाटक म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं ते तुम्हाला सांगायला नको. मी एक वाजताच तयार. सोबत जागा धरायला सोलापुरी चादर, डब्यात भजे आणि चिवडा, पाण्याची मोठी बाटली आणि चार सेफ्टी पिना. लेनाने विचारलं, आपण नाटकाला चाललोय की राहायला? मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही एकच असतं. दारावरच्या बाईंनी माझी चादर आणि डबा काढून घेतला आणि बदल्यात एक बिल्ला दिला. (भज्यांची पोचपावती मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.) पिना मात्र ओढणीला लावलेल्या होत्या, त्या वाचल्या. नशिबाने जागा दुसऱ्या रांगेत मिळाली.

नाटकाची गोष्ट आपलीच. एका गावाचं जंगल एक लाकडाचा ठेकेदार घशात घालतो. आणि मामा, तो ठेकेदार! पांढऱ्या मिशा, तुमच्यासारखाच पोटापासून येणारा आवाज, तुमच्यासारखंच आधी टाचेवर उभं राहून मग बोलणं. मला भाषा निम्मी कळत होती, पण तुम्हीच उभे आहात असं वाटत राहिलं. आणि ऐन रंगात, गावकऱ्यांना धमकावताना, त्याचा आवाज फाटला. घोगरा झाला, चिरकला, मग नुसती हवा. मी आजूबाजूला पाहिलं तर आठशे माणसं मांडीवर हात ठेवून बसलेली. कोणी टाळी वाजवेना, कोणी शिट्टी मारेना. म्हातारा एकटा तिथे बुडतोय आणि हे काठावरून पाहतायत.

मी सहावीत होते तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं, "बक्षीस काई चांगल्या गाण्यासाठी नसते वो. नटाले दम घ्याले टाइम भेटला पाह्यजे, म्हून असते." माईकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात, नट मरता मरता उठतो, नोट छातीला पिनेने टाचून घेतो, हात जोडतो, तेवढ्यात दोन श्वास घेतो आणि परत जाऊन मरतो. हे मला जर्मनीत, दुसऱ्या रांगेत, आठवलं. पुढचं मी ठरवून केलं नाही. मी उठले, पर्समधून पाच युरोची नोट काढली, ओढणीची पीन काढली, आणि सावरटोल्याच्या मंडपात ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीतून, पुकारलं की दिव्यानी देवराव रामटेके, मुक्काम सावरटोला, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, यांच्याकडून ठेकेदाराच्या पात्राला बक्षीस. आणि निघाले रंगमंचाकडे.

वाटेत वाजवणाऱ्यांचा खड्डा आहे हे मी विसरले होते. आपल्याकडे त्यात एक ऑर्गनवाला आणि एक तबलेवाला असतो, इथे पन्नाससाठ जण होते. ते सगळे वाजवता वाजवता माझ्याकडे पाहायला लागले, आणि एका बासरीवाल्याने बासरी बाजूला ठेवून नोट घ्यायला हात वर केला. (भला माणूस होता.) तेवढ्यात काळ्या कोटातली दोन माणसं आली आणि मला अतिशय अदबीने, दोन्ही दंडांना धरून, बाहेर घेऊन गेली. नोटेबद्दल कोणाची तक्रार नव्हती, पण पीन पाहून तिथल्या मॅनेजरबाईंचा चेहरा उतरला. लेना माझ्या मदतीला धावत आली आणि तिने समजावून सांगितलं की हिच्या गावात आवडत्या नटाला टोचतात. त्यानंतर माझं नाव, पत्ता आणि पासपोर्टचा नंबर एका वहीत लिहून घेण्यात आला. मला व्हिसाची काळजी लागली होती, हे आईला सांगू नका.

मध्यंतरात त्या बाई मला ठेकेदारासमोर माफी मागायला घेऊन गेल्या. ते आरशासमोर बसून मिशीला गोंद लावत होते. वय एकाहत्तर. मी हात जोडून सगळं सांगितलं, घसा, दम, बक्षीस, तुम्ही, सगळं. त्यांनी शांतपणे टेबलावरची नाटकाची संहिता उघडून दाखवली. तिथे छापलेलं होतं की या ओळीवर आवाज फाटावा. मामा, ते लिहिलेलंच होतं. सहा आठवडे तालीम करून त्या माणसाने बरोबर त्या जागी आवाज फोडायला शिकून घेतलं होतं, आणि मी त्याला वाचवायला निघाले होते.

ते मात्र रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, तुमचा व्हिलन मरताना किती वेळा उठतो? मी म्हटलं, गेल्या वर्षी चार वेळा. ते इतके हसले की मिशी पुन्हा निघाली. मग म्हणाले, मी ओरडण्याच्या भूमिका दहा वर्षांपूर्वी सोडल्या, आता हळू बोलून भीती घालायच्या घेतो, लोक जास्त घाबरतात. मॅनेजरबाईंना त्यांनीच सांगून वहीतलं माझं नाव खोडायला लावलं. दारावरून माझा डबा मागवून भजेही खाल्ले त्यांनी, दोन.

तर मामा, मुद्दा असा की वय झालं आहे, गाठी आहेत, डॉक्टरांनी सांगितलं आहे, मामींना काळजी आहे, आणि या सगळ्याचा विचार करून तुम्ही जे काय ते ठरवावं. यापेक्षा कडक मला लिहिता येत नाही. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

घरी सर्वांना जयभीम. लहान पिंकीला पापा.

आपली भाची,
दिव्यानी

ता. क. निकेशला मी कालच कळवलं आहे की या वर्षी भुजंगराव एकदाही ओरडणार नाही. सगळे संवाद हळू आवाजात, माईक मिशीला लागेल इतका जवळ, आणि मरण खुर्चीत बसून. तो म्हणाला, "मामा हो म्हनत असन तर कंपनीले आत्ताच नाई म्हनतो." पोस्टरवर तुमचं नाव टाकायलाही मीच सांगितलं. तेवढं हो म्हणा, एवढीच विनंती आहे, आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच होतं.

ता. क. दुसरा. हे पत्र मामींना दाखवू नका. विचारलंच तर सांगा, दिव्यानीने सक्त मनाई केली.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना आठवलं की तुमचा चष्मा पोळ्यापासून सापडत नाही. म्हणजे हे सगळं मामीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. मामी, माफ करा. पण तीस वर्षं तुम्ही विंगेत गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिलात, आणि बस करा हे दोन शब्द तोंडावर सांगायचे तर जर्मनीला फोन लावलात. तुमच्याने बोलवलं नाही, तसंच माझ्यानेही लिहवलं नाही. तरी शब्द दिला होता म्हणून ती ओळ खाली लिहून ठेवते. थांबवायचं असेल तर मामांना मोठ्याने वाचून दाखवा. नसेल तर पत्र संपलं म्हणा आणि इथेच घडी करा.

मामा, या वर्षी नाटकात उभे राहू नका.