मिसेस स्टॅम्पर यांचा खुबा

२ जानेवारी, मंगळवार
लायसन्स नवीन होऊन आलं. फ्रेम करून जेवणाच्या खोलीत लावलं. जेवणाची खोली आता ऑफिस. मी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतो. एका माणसाला टेबल हवं कशाला?
संकल्प: उन्हाळ्याआधी मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याची, मान्यता. मग घरी जाऊन फिजिओथेरपी देणारा या काउंटीत मी एकटाच. दोन वर्षांत चार थेरपिस्ट आणि एक व्हॅन. व्हॅनवर नाव: टॅकेट होम थेरपी. हॉस्पिटलनं माझं पद रद्द केलं ते एका परीनं बरंच झालं.

११ जानेवारी, गुरुवार
फॉर्म आला. बेचाळीस पानं. मुद्दा सोपा आहे. तपासणीच्या वेळी निदान एका पेशंटवर उपचार चालू हवेत, आणि तो घराबाहेर पडू न शकणारा हवा. मान्यता मिळेपर्यंत उपचार फुकट. इन्स्पेक्टर न कळवता येतात, म्हणून ऑफिसच्या वेळा दारावर लावायच्या. लावल्या. सोमवार, बुधवार, गुरुवार, ९ ते १.
पान १७: तुमच्या गैरहजेरीत फोन कोण घेईल? बायकोचं, रमोनाचं नाव लिहिणार होतो, पण ती आता लेक्सिंग्टनला असते, दुसऱ्या नवऱ्याबरोबर. लिहिलं: 'गैरहजर राहणार नाही.'

१६ जानेवारी, मंगळवार
पेशंट मिळाला. चर्चच्या पाद्रींनी नाव सुचवलं. मिसेस वॅनेटा स्टॅम्पर, वय ७९. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. नोव्हेंबरात पोर्चवर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मेडिकेडवर आहेत. वॉकर धरून खुर्चीपासून सिंकपर्यंत जातात, तेवढ्यात तीन शिव्या देतात. घराबाहेर पडू न शकणाऱ्या, अगदी पक्क्या. आदर्श पेशंट.
मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी १०, पंचेचाळीस मिनिटं. एक मिनिटही जास्त नाही. पेशंटशी घरोबा करायचा नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार
सिंकपासून मागच्या दारापर्यंत, न थांबता. माझी पद्धत जबरदस्त आहे. कॉफी झाली. दोन तास दहा मिनिटं बसलो. हा वेळ 'निरीक्षण' म्हणून नोंदवला.

२ मार्च, शुक्रवार
एक अडचण. या वेगानं त्या महिन्याभरात बऱ्या होतील आणि राज्य सरकारकडून तपासणीला अजून कोणी फिरकलेलं नाही. जरा सावकाश बऱ्या झाल्या तर काय बिघडतं, असं मनात येऊन गेलं. हे या पेशाला शोभत नाही. खोडणार होतो, पण शाईनं लिहून बसलोय.
त्यांना तपासणीचं सगळं सांगितलं होतं. त्यांनी नुसतं 'असं का' म्हटलं आणि सूप पुढे केलं.

३ एप्रिल, मंगळवार
ईस्टर झाला. मी घरीच. हॅम आणलं होतं, एकट्याला फार होतं. अजून पुरतंय.
मिसेस स्टॅम्पर यांची प्रगती अचानक थांबली. मागच्या दारापर्यंत जातात, त्यापुढे 'पाय उचलत नाही.' स्नायू खोलवर आखडले असणार. जुनी पुस्तकं काढली. अशा गुंतागुंतीच्या केसमध्येच थेरपिस्टचा कस लागतो.

२० एप्रिल, शुक्रवार
त्यांच्या बुटांना ओला चिखल. विचारलं. म्हणाल्या, पुतणी त्यांचे बूट घालून कोंबड्यांना दाणे टाकते. या पुतणीला मी अजून पाहिलेलं नाही. कष्टाळू मुलगी दिसते.
त्यांनी ओव्हनमधून रूबार्बच्या आंबट देठांचा गोड पाई काढला. रूबार्ब कुंपणापलीकडे, उतारावर लावलेला आहे. तोही पुतणीनंच आणला.

८ मे, मंगळवार
वॉकर सापडेना. शेवटी पोर्चवर दिसला, त्यावर चादर वाळत घातलेली. मी रागावलो. साधन हाताशी हवं, असं बजावलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि पत्ते पिसले. रमीचे सहा डाव. पाच हरलो.
एकटेपणाबद्दल रेडिओवर कोणीतरी बोलत होतं. ज्यांना काम नाही त्यांचा तो रोग. मला वेळ कुठे आहे?

२४ मे, गुरुवार, सकाळी ११
इन्स्पेक्टर आल्या! मिस कॉप्ले. तरुण, नम्र, हातात टॅब्लेट. मी हजर होतो. मी नेहमीच हजर असतो. फ्रेम पाहिली, फाइल पाहिली. 'फाइल छान ठेवलीय' म्हणाल्या. पान १७ वाचून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. उद्या पेशंटला भेटायचं, की झालं. व्हॅनचा रंग निळा ठरवला.

२५ मे, शुक्रवार
जसं झालं तसं लिहितो.
मिसेस स्टॅम्पर खुर्चीत, मांडीवर शाल. वॉकर शेजारी. सगळं मनासारखं. मिस कॉप्लेंनी एक कागद पुढे केला. मला मदतीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, असं त्यावर होतं. खाली सही करायची. मिसेस स्टॅम्परनी चष्मा लावला. सगळा कागद वाचला. मग पेन परत दिलं. एकतीस वर्षं बसच्या वहीत एक मैल खोटा लिहिला नाही, आता सरकारी कागदावर खोटी सही करणार नाही, म्हणाल्या.
मी म्हटलं, स्नायू आखडलेत, मी समजावून सांगतो.
त्या माझ्याकडे न बघता मिस कॉप्लेंना म्हणाल्या, "अगं, मी ईस्टरपासून चालतेय. चर्चला चालत जाते, येते. पुतणी वगैरे कोणी नाही. पण हा मंगळवार-शुक्रवार यायचा. मी बरी झाले असते तर याला जायला दुसरं कुठलं घर होतं?"
मिस कॉप्लेंनी टॅब्लेट बंद केला. मेडिकेडचा एक पैसाही घेतलेला नाही, म्हणून अर्ज नुसता नामंजूर होईल, कारवाई होणार नाही, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. योग्य पेशंट मिळाला की पुन्हा अर्ज करता येईल.
मिसेस स्टॅम्पर आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आल्या. पाच पायऱ्या, कठडा न धरता. पाऊल अगदी बरोबर पडत होतं. टाच आधी, मग बोटं. मीच शिकवलंय तसं.
कोपऱ्यावर गाडी थांबवून थोडा वेळ बसलो. मला रडू आलं. डोळ्यात धूळ वगैरे गेली नव्हती.

२९ मे, मंगळवार
डिस्चार्जचा फॉर्म भरला. कारण: उद्दिष्ट पूर्ण. मिसेस स्टॅम्परचा फोन आला. रविवारी चर्चनंतर सगळे आपापला पदार्थ आणून जेवतात, तू हात हलवत आलास तरी चालेल, म्हणाल्या. मी म्हटलं, रविवारी कागदपत्रं असतात. त्या 'बरं' म्हणाल्या.
कागदपत्रं कसली, ते आता शोधावं लागेल.

८ जून, शुक्रवार
नामंजुरीचं पत्र आलं. एकच पान.
ऑफिस आता पाचही दिवस उघडं, ९ ते १. कोणी आलं नाही. १०:१० ला मिसेस स्टॅम्परना फोन केला. घरी नव्हत्या. ११:३० ला परत केला. नव्हत्या. म्हणजे उपचार लागू पडले.
साडेबाराला परत केला, तर निरोप रेकॉर्ड करणारं मशीन लागलं. रविवारी येऊ का, असं विचारायचं होतं. टाचा उचलण्याचा व्यायाम रोज दहा वेळा करा, असं सांगून फोन ठेवला.