मावशीने एकच विचारलं होतं

॥ श्री ॥

चऱ्होली,
१५ एप्रिल २०२५

चि. योगिनीस,

मंजुळा मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुझी खुशाली तू कळवत नाहीस, म्हणून ती आम्ही यूट्यूबवर बघून घेतो.

चऱ्होलीहून ताथवड्याला तासाभरात पोचता येतं आणि पत्राला चार दिवस लागतात, म्हणून तुझे काका मला हसतात. फोन कर म्हणतात. पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मध्येच कुणाला तरी लाईट डावीकडे घे म्हणून सांगतेस. तू लातूरला होस्टेलला होतीस तेव्हापासून मी तुला पत्रं लिहिते आहे, आता या वयात सवय मोडायची नाही.

समोर अकरावी इमारत उभी राहते आहे. काका रिटायर होऊन वर्ष झालं, तरी पाचला उठून दाढी करून फर्स्ट शिफ्टला निघाल्यासारखे तयार बसतात. तीस वर्षं चाकणच्या कंपनीत चेकिंगला काढली, आता माझ्या पोळ्या चेक करतात. परवा एका पोळीचा काठ जाड आहे म्हणून ती परत पाठवली. मी तीच पुन्हा गरम करून वाढली, तर छान झाली म्हणाले.

तुझा 'शेवटपर्यंत' कार्यक्रम आम्ही खरोखर शेवटपर्यंत बघतो. आरक्षणावरच्या मुलाखतीत काका घोरले, मी नाही. ज्योतीराम गुरुजींची मुलाखत तर मी दोनदा पाहिली, तीन तास दहा मिनिटं. शुगर हा रोगच नव्हे, औषधांनी लावलेली सवय आहे, असं ते म्हणाले आणि तू त्यांच्या वाक्यावाक्याला मान हलवत होतीस. मी काकांना म्हटलं, ही पोर माझ्या आमटीतलं मीठसुद्धा वाद घातल्याशिवाय मान्य करत नाही आणि इथे तीन तासांत एकदाही नाही म्हणाली नाही. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. बहिणीची पोर म्हणून घरी आणली ती माझीच झाली. तुला मी ओळखत नाही तर कोण ओळखणार?

लोणच्याच्या किती बरण्या हव्यात ते कळव. वेळेवर जेव. लोभ आहेच, तो फोनपेक्षा पत्रातून जास्त असू दे.

तुझी,
मंजुळा मावशी

ता. क. सगळं लिहून झालं आणि ज्यासाठी बसले होते तेच राहिलं. पाडव्यापासून मी इन्सुलिनची सुई बंद केली आहे. अकरा वर्षं काका रोज सकाळी टोचतात. आज सोळा दिवस झाले, अंग हलकं वाटतं. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ते ओरडतील. काका म्हणाले योगिनीला विचार, तिने त्या माणसाला समोर बसवलंय. म्हणून विचारते, बंदच ठेवू की पुन्हा सुरू करू? तू सुरू कर म्हणालीस तर उद्याच्या उद्या सुरू करीन, माझा काही हट्ट नाही. उत्तराची वाट बघते.

* * *

ताथवडे,
२६ एप्रिल २०२५

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. कॅमेरा सांभाळणाऱ्या मिनलला पोळीचा भाग वाचून दाखवला, तर ती हसून हसून बेजार झाली. काकांना सांग, आमच्याकडे चेकिंगची जागा रिकामी आहे, पगार मात्र पोळीतच मिळेल.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. श्वास घ्यायला फुरसत नाही. मागच्या आठवड्यात चाकणच्या कंत्राटी कामगारांचा पुढारी धम्मरत्न येऊन गेला. आठ-आठ वर्षं एकाच मशिनवर उभं राहूनही लोक कागदावर रोज नवे कसे असतात, हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मिनलचे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात एका कंपनीचे मॅनेजर येणार, ते दुसरी बाजू सांगतील. कामगार मला मालकांची म्हणणार आणि मालक कामगारांची. दोन्हीकडून शिव्या आल्या की मी समजते, काम बरं चाललंय.

तू गुरुजींबद्दल लिहिलंस. ती मुलाखत नऊ लाख लोकांनी पाहिली, आम्हीच थक्क झालो. मिनल म्हणत होती, मी त्यांना मध्ये अडवायला हवं होतं. पण माझी रीत तुला माहीत आहे. माणसाला तीन तास न अडवता बोलू दिलं की तो आपोआप उघडा पडतो, आणि ऐकणारे काही दूधखुळे नसतात. दुसऱ्या बाजूसाठी एक डॉक्टर बोलावले आहेत, त्यांनी जूनमधली तारीख दिली आहे.

पाच ते तेरा मे मी नागपूरला आहे, तिथे चार मुलाखती आहेत. आल्यावर नक्की येते, हे मागच्या तीन वेळेसारखं नव्हे. लोणच्याच्या दोन बरण्या ठेव, एक मिनलची. तब्येतीला जप, असं नेहमीचं वाक्य लिहिते, कारण नाही लिहिलं तर तू ते मोजतेस.

काकांना नमस्कार. माझ्या उशिरासकट माझ्यावर माया असू दे.

तुझी,
योगिनी

* * *

॥ श्री ॥

चऱ्होली,
८ मे २०२५

चि. योगिनीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र अक्षय तृतीयेच्या सकाळी हातात पडलं. सणाच्या दिवशी पोर घरी आल्यासारखं वाटलं.

सुईबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मी पत्र दोनदा वाचलं, मग काकांना वाचायला दिलं. शेवटी आमचं ठरलं, की बंद ठेवणं चूक असतं तर तू दहा ओळी रागावून लिहिल्या असत्यास. तेव्हा आता तो विषय संपला. त्या दुपारी अकरा वर्षांनी मी आमरस खाल्ला, दोन वाट्या. काकांनी स्वतःच्या हाताने वाढला आणि मी खाताना नुसते बघत बसले. तुझ्या मुलाखतीने लोकांचं काय भलं होतं ते मला कळत नाही, पण एका बाईच्या पोटावरचे टोचल्याचे डाग मात्र जायला लागले.

आता उन्हाळा फार आहे. सारखी तहान लागते, रात्रीतून चार वेळा उठावं लागतं. डाव्या पायाच्या करंगळीला नवी चप्पल चावली, तिथे फोड येऊन काळसर झालंय. दुखत अजिबात नाही, त्यामुळे आधी लक्षातच आलं नाही. गुरुजींच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, अंगातलं विष बाहेर पडतंय, काही लावू नका. काका दवाखान्यात चल म्हणतात. मी म्हटलं, योगिनी तेरा तारखेला येणार आहे, तिलाच दाखवू.

नागपूरचं ऊन वाईट, डोक्याला बांधून फिर. तू येशील तेव्हा आमरसाची तिसरी वाटी तुझ्याबरोबर खाईन. तोवर वाट बघणं आमच्याकडे लागलं.

तुझी,
मंजुळा मावशी

* * *

ताथवडे,
३० मे २०२५

ती. काकांस,

नमस्कार. वर श्री लिहिला नाही. तुम्हाला खुशाली विचारण्याची हिंमत होत नाही.

तेराव्याला औशाहून आलेल्या नात्यातल्या सगळ्या बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, मंजुळाला पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं तू केलंस. मी मान खाली घालून ऐकलं. तुम्ही समोर बसला होतात. एकदा फक्त माझ्याकडे बघितलंत. तेव्हापासून मला तेच दिसतं आहे, म्हणून जे तोंडाने सांगता आलं नाही ते लिहिते.

तेरा तारखेला नागपूरहून आले, खालच्या पेटीतून मावशीचं पत्र घेतलं आणि लिफ्टमध्येच फोडलं. सुईबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, असं तिने लिहिलं होतं. कुठली सुई ते मला कळेना. तेवढ्यात तुमचा फोन आला, की तिला मोठ्या दवाखान्यात नेलंय, शुद्ध नाही. निघण्याआधी मी तिचं एप्रिलचं पत्र शोधलं. माईकच्या खोक्याखाली होतं. पानाच्या शेवटी तिची सही होती, म्हणून मी पान उलटलंच नव्हतं, काका. मागे ताजा कलम होता. तिने मला एकच विचारलं होतं. तुझ्या एका शब्दावर सुरू करीन म्हणाली होती.

लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा. माझ्या घरच्या माणसाने मला आयुष्यात एक प्रश्न विचारला, तो मी वाचला नाही आणि वर दोन बरण्या लोणचं मागितलं. दवाखान्यातले तीन दिवस मी तिच्या कानाशी उत्तर सांगत होते, सुरू कर, सुरू कर. सोळा तारखेला ती गेली. तिने ते ऐकलं नसेल.

त्या मान हलवण्याचंही सांगायला हवं. ती आमच्या कामातली सवय आहे. मान हलवली की समोरचा बोलत राहतो, एवढाच तिचा उपयोग. गुरुजी बोलत होते तेव्हा मी कॅमेऱ्याची बॅटरी संपेल का याचा विचार करत होते. त्यांचा एक शब्दही मला पटलेला नव्हता, आणि ते मी तीन तासांत एकदाही बोलले नाही.

कार्यक्रम बंद करावा असं वाटतं. तेवढ्याने काही भरून येणार नाही हेही कळतं. मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे, मी त्या घरी यावं की येऊ नये ते सांगा. येऊ नकोस म्हणालात तरी तुमचं बरोबर असेल.

माया मागायचा हक्क राहिलेला नाही, तरी मागते.

तुमची,
योगिनी

* * *

चऱ्होली,
३ जून २०२५

चि. योगिनीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आज अकरा वाजता मिळालं, आजच उत्तर टाकतो. मला तुझ्या मावशीसारखं गोड लिहिता येत नाही. सगळं एकाच बाजूला लिहितो आहे, नीट वाच.

मी तुझ्याकडे बघितलं ते तुला दोष द्यायला नाही. मला तुला काही सांगायचं होतं आणि इतक्या माणसांत जीभ उचलली नाही.

तुझी ती मान मला माहीत होती. तू आठवीत असताना मी तुला अपूर्णांक शिकवायचो, तेव्हा तू अशीच मान हलवायचीस आणि वहीत काही उमटलेलं नसायचं. त्या मुलाखतीत तुझी मान पाहून पहिल्या पाच मिनिटांत मी ओळखलं, की हिचं इकडे लक्ष नाही. मंजुळा मात्र म्हणत राहिली, बघा, आपल्या योगिनीला पटलंय. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते ऐक. अकरा वर्षं मी तिला टोचलं. फर्स्ट शिफ्ट असली तर पहाटे पाचला, झोपेतून उठवून. तिने कधी हूं की चूं केलं नाही, पण टोचलं की मी रोज तिच्या तोंडाकडे न बघता सुई टाकायला निघून जायचो. पाडव्याच्या सकाळी ती म्हणाली, आज राहू द्या. मला सुटल्यासारखं झालं. मग भीती वाटली, म्हणून म्हटलं, योगिनीला विचार. म्हणजे माझ्या डोक्यावरचं मी तुझ्या डोक्यावर ठेवलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तिने दोनदा वाचून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, हिने काहीच लिहिलं नाही, तुम्हाला काय वाटतं? तिने चष्मा काढून हातात धरला होता. ती घाबरलेली होती. सुरू करू का, असंही म्हणाली. मला दिसत होतं की तू मागची बाजू वाचलेली नाहीस. होस्टेलवरूनसुद्धा तू तिच्या ताजा कलमाला कधी उत्तर दिलेलं नाहीस. तरी मी म्हणालो, गप्प आहे म्हणजे होकार आहे, नको असतं तर पोरीने दहा ओळी सुनावल्या असत्या. तिने तुला लिहिलं, आमचं ठरलं. तिचं काही ठरलेलं नव्हतं, ते वाक्य माझं होतं. मला तिला आमरस खाताना बघायचं होतं.

तीस वर्षं एक पीस न मोजता पास केला नाही, आणि घरात हे केलं. हे तुझ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

ती मुलाखत आजच काढ. डॉक्टरांच्या तारखेची वाट बघू नकोस, रोज कुणाच्या तरी घरी ती लागत असेल. पण गुपचूप काढू नकोस. त्या खुर्चीत मला बसव. सुई कशी बंद झाली, करंगळी कशी काळी पडली आणि तरी मी चार दिवस कसा थांबलो, ते सगळं मी बोलेन. मी स्वतःला वाचवायला लागलो की तिथेच थांबव. ते तुला जमायला हवं. कार्यक्रम बंद करणं सोपं आहे, हे अवघड आहे.

तू विचारलंस, घरी येऊ का. घर तुझं आहे, ते तुला विचारावं लागत नाही. विचारायचं आहे ते मला. तुझं नाव पुढे करून ज्याने तिची सुई बंद ठेवली, त्याच्याकडे तुला आता यावंसं वाटेल का? नसेल वाटत तर नाही असं स्पष्ट लिही, मी ते वाचू शकेन. पण काहीतरी लिही. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी पुन्हा लावणार नाही.

प्रेम कमी होऊ नये असं वाटतं, आग्रह धरत नाही.

तुझा,
अर्जुनकाका