कललेल्या भिंतीचा आलेख

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. तुझी वहिनी माझ्या पोटाचा घेर मोजते, मी कारखान्याची मागची भिंत मोजतो. ती गल्लीकडे कलतेय. इंजिनिअरने ओळंबा लावून दिलाय. दर महिन्याला किती कलली ते मी आलेखावर मांडतो. चाळीस मिलिमीटरपर्यंत तग धरेल म्हणाला. वर्षात चोवीस झाले, म्हणजे महिन्याला सरासरी दोन. अजून आठ महिने हातात, आणि नवी शेड पाच महिन्यांत उभी राहते. धंदाही मी वर्षाच्या सरासरीवरच उभा केला. एखाददुसरा महिना वाईट जायचाच. आलेखाची नक्कल सोबत आहे. शाळेत गणित शिकवतेस, तर एक शाबासकी पाठव.

लोभ आहेच, त्यात काटकसर नको.
तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

शाबासकी नाही, धपाटा पाठवतेय. तू रेघेची दोन टोकं जोडलीस, मधली रेघ पाहिलीच नाहीस. पहिले दहा महिने ती जवळजवळ आडवी आहे, सगळे मिळून सहा मिलिमीटर. उरलेले अठरा शेवटच्या दोन महिन्यांतले. तेवढाच तुकडा धर: महिन्याला नऊ. या वेगाने दोन महिनेही निघत नाहीत, आणि रेघ अजून उभीच होत चाललीय. छप्पर त्याच भिंतीवर आहे ना? पत्र वाचल्याबरोबर माणसं बाहेर काढ.

राग आला तरी चालेल, माया कमी करू नकोस.
तुझी धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी यंत्रं बंद केली. धाकट्या बहिणीला इतका टरकणारा मालक पाहिला नाही, असं फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला. तरी माणसं पुढच्या आवारात आणली. परवा सकाळी भिंत गेली, मागोमाग छप्पर. आमच्यापैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

गल्लीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून किल्लीवाला बसायचा. रोज त्याच्याशी दोन शब्द बोलूनच मी आत जात असे. त्याला उठवायचं मला सुचलं नाही. तुलाही नाही, पण तू इथे नव्हतीस.

त्याच्या घरी मीच गेलो. त्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमची माणसं तरी वाचली ना. मी हो म्हणालो.

पुढे लिहवत नाही. माया असू दे.
तुझा दादा