फळीवरची ताई

प्रिय ताई,

शनिवारी शाळेची मुलं घेऊन मुंबईच्या संग्रहालयात गेले आणि लोककलेच्या दालनात तूच समोर दिसलीस. होडीच्या फळीवर बाबांनी रंगवलेली, दोन्ही हातांनी खेकडा धरलेली लहानगी तू. तू निशांतबरोबर निघून गेलीस तेव्हा ती फळी खाडीत फेकली, असं बाबांनी सांगितलं होतं. त्यानंतर घरात तुझं नाव कुणी काढलं नाही.

तिथल्या बाई म्हणाल्या, "दिवाळे गावच्या गोटीरामकाकांनी दिलंय. अधूनमधून येतात, चित्रासमोर बसून राहतात."

आम्हाला मात्र बाबा न्हावा शेव्याला मित्राकडे जातो म्हणून सांगतात.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल बाबा जाळं विणत होते, तेव्हा न राहवून म्हटलं, "बाबा, मी ताईचं चित्र बघितलं."

त्यांचे हात थांबले. "रंग उडाला नाय ना?"

"नाही."

मी उगाच आत गेले, पुन्हा बाहेर आले. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "ती आता कुठं रहाते, तुला ठाव हाय?"

तुझा जुना नंबर लागत नाही, ताई. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू?

तुझी,
उन्नती